वरचा रुपया

आम्ही मीरा रोडला वन बीएचके घेतला, त्याच्या घरभरणीला माझे गाळामालक स्टीलचा टोप घेऊन आले. टोपावर झाकण होतं. टोपावर झाकण असतंच, त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणाले असते. पण त्यांनी ते झाकण उचललं, मला दाखवलं, परत ठेवलं आणि घरभर पाहुणे असताना म्हणाले, "तुज्या टोपाला नव्हता बाय. याला हाय."

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नात मी टोप दिला होता. केबिन रोडवरून घाईघाईत घेतला, दुकानदाराने पिशवीत झाकण टाकलंच नाही आणि मी बघितलं नाही. सहा वर्षं हा माणूस दर महिन्याला माझ्याकडून गाळ्याचं भाडं घेऊन जात होता आणि झाकणाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "बिनझाकणाचा टोप देतं का गं कुणी?"

सगळं नवघर गाव त्यांना दादूस म्हणायचं. आगरी लोकांत थोरल्या भावाला म्हणतात तसं; एरवी भाऊ म्हणजे त्यांच्या बोलीत 'भाव'. मी परभणीकडची, सासर कणकवलीचं, तरी मीही दादूसच म्हणायला लागले. सुरुवातीला एकदा 'शेठ' म्हणाले होते, तर म्हणाले, "शेठ गल्ल्यावर बसतो. मी ओट्यावर बसतो." आणि बसायचेच. माझ्या गाळ्याच्या बाजूला त्यांच्या घराचा ओटा, त्यावर सकाळी आठपासून हाफ शर्ट, खांद्यावर टॉवेल, आणि खिशात होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली. बाटलीत मीठ. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. ते कधीच गेलं, पण त्यातलं पोतंभर मीठ दादूसनी माळ्यावर ठेवलं होतं आणि पुरवून पुरवून खायचे. लग्नाच्या पंगतीत, हॉटेलात, माझ्या डब्यातसुद्धा आधी चव बघणार, मग बाटली काढणार. दुकानातल्या पाकिटातल्या मिठाला ते पावडर म्हणायचे.

मिठाचं माप भरलं की त्यांचे वडील वरून एक मूठ टाकायचे म्हणे. शीग. माप काठोकाठ भरून दिलं तर तो नुसता व्यवहार. वर शीग लावली तर गिऱ्हाईक परत येतं. "पुरा माप दिला तं माणूस चालता होतो," दादूस म्हणायचे. "वर मूठ टाकली तं वलून बगतो."

यावरच त्यांची आहेराची वही उभी होती. लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या, अकरा. घरातल्या प्रत्येक कार्याला कोणी काय दिलं ते त्यात. नाव, प्रसंग, वस्तू किंवा रक्कम. तसं बऱ्याच घरांत लिहितात, पण दादूस ती वही पाळायचे. अकरा रुपये देणाऱ्याला बारा. साडीला साडी आणि वर ब्लाउजपीस. एकाने बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. त्याच्या मुलाच्या लग्नात दादूसनी तेच घड्याळ परत दिलं, नवीन सेल घालून. बायको म्हणाली, अहो, जनाची नाही तर मनाची. हे म्हणाले, "वर सेल दिलाय ना?"

भाड्यात मात्र शीग नव्हती. मी एकदा गमतीने म्हटलं, दादूस, मी भाडं देते, तुम्ही वरचा रुपया परत द्या. तर गंभीरपणे म्हणाले, "भारा म्हंजे भारा. तो काय आहेर हाय?"

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ माझ्या कॉम्प्युटरमधून गेलाय. मी इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरते. सीए नाही, बोर्डावर तसं लिहिलेलंही नाही, लोक तरी 'सीए मॅडम' म्हणतात. एका ऑफिसात दहा वर्षं हेच काम केलं, मग दादूसचा गाळा घेतला. माझी एकच ऐट आहे. कागदावर जे आहे तेच मी फॉर्मात भरते. घरभाड्याच्या खोट्या पावत्या घेऊन येणाऱ्यांना मी पाणी पाजून परत पाठवते. त्यापायी गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत. खोटा आकडा माझ्या हातून गेलेला नव्हता.

तर दादूसची केस. धाकट्या भावाशी, एकोणीस वर्षं, घरामागच्या जमिनीच्या पट्टीवरून. पट्टी केवढी? एक रिक्षा आत जाईल एवढी. रिक्षा वळवायची म्हटली तर नाही. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून, ओटा एकच, मधे शहाबादी फरशीचा एक तुकडा उभा करून दोन केलेला. एकोणीस वर्षांत बोलणं नाही. तारखेच्या दिवशी मात्र दोघं एकाच बसने ठाण्याला जायचे, कारण त्या वेळेला दुसरी बस नव्हती. पुढच्या दाराजवळ धाकटे, मागच्या दाराजवळ दादूस. दादूसच मला सांगायचे, "जाताना त्यानं खिरकी उगडली, मना वारा लागला. मी काय बोललो न्हाय. कोर्टान बोलल वकील."

शेवटी तडजोड झाली. धाकट्यांनी पट्टी ठेवायची आणि दादूसना तीन लाख द्यायचे. चेक आला, वटला. आणि जुलैमध्ये दादूस तडजोडीचा कागद घेऊन माझ्यासमोर बसले. यावर टॅक्स किती?

मी कागद वाचला. घरच्या मालमत्तेतल्या हक्काबद्दल भावाभावांतली तडजोड, कोर्टासमोर झालेली. म्हटलं, "दादूस, टॅक्स नाही. पण रिटर्नमध्ये दाखवायचं. करमुक्त उत्पन्नाचा रकाना असतो, त्यात 'कौटुंबिक तडजोडीची रक्कम' असं लिहिते."

"तसा नको लिवू. आहेर लिव."

"आहेर?"

"भावानं दिलाय ना? मंग आहेर."

मी समजावलं. भावाने दिलेली भेट असती तरी टॅक्स नसता, तडजोड आहे तरी टॅक्स नाही. आकडा तोच, रकाना तोच. फक्त पुढे जे वर्णन लिहायचं ते वेगळं. आणि कागद सांगतो तडजोड, म्हणून मी लिहिणार तडजोड.

"कागद काय सांगतो? वाच बगू."

मी मोठ्याने वाचलं. इंग्रजीत होतं, मराठी करून सांगितलं. सगळ्यात शेवटी ते नेहमीचं वाक्य होतं: या रकमेने सर्व दावे पूर्ण मिटले असून यापुढे उभय पक्षांचा एकमेकांशी कोणताही संबंध राहिलेला नाही. पट्टीच्या संदर्भात, अर्थात. वकील असं लिहितातच.

दादूसनी मला ते परत वाचायला लावलं.

"संबंध न्हाय? कोनी लिवला?"

"वकिलांनी."

"वकील भाव हाय का त्याचा?" त्यांचा आवाज चिरकला. "मना पट्टीचा पैसा पायजे होता. भाव कवा देला मी?"

मी त्यांना पाणी दिलं. सही करताना कोणी त्यांना ते वाक्य समजावून सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर यांचं लक्ष खिडकीकडे असेल. माझ्या गाळ्यात बसलेल्या त्या म्हाताऱ्याला एकोणीस वर्षांत पहिल्यांदा भीती वाटली होती की भाऊ गेला. भांडण होतं तोवर निदान दर दोन महिन्यांनी एका बसमध्ये तरी बसत होते.

पण मी हट्टी. तीन दिवस दादूस येऊन बसत होते आणि तीन दिवस मी 'आहेर' लिहिलं नाही. शेवटी तडजोडच लिहून रिटर्न भरलं. ते उठले आणि म्हणाले, "तुज्या कॉम्प्युटरान तू तुजा लिव. माज्या वहीन मी माजा लिवन." वही त्यांनी मला आणून दाखवली. नाव: धाकटा. रक्कम: तीन लाख. प्रसंग या रकान्यात लग्न, हळद, बारसं असं लिहायचं असतं. तिथे लिहिलं होतं: कोर्ट.

वहीत चढलं म्हणजे फेडायचं आलं. हे मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. टोपाच्या झाकणाने शहाणपण शिकवलं होतं ना?

डिसेंबरात धाकट्यांच्या मुलीचं लग्न निघालं. दादूसना पत्रिका नाही. हळदीचा मांडव भिंतीपलीकडे, बेंजो एवढा जोरात की माझ्या गाळ्याचं शटर थरथरत होतं, आणि हे संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याकडे हजर. हातात पिशवी, पिशवीत नोटा.

"किती आहेत?"

"तीन लाख आनि एक."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, दादूस, दोन लाखांच्या वर रोख घेणाऱ्याला दंड होतो, तुमच्या भावालाच भुर्दंड. चेक द्या. ते नाराज झाले, पण चेक लिहिला. बोलावणं नसताना कसे जाणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "खावाला जावाचा तं बोलावणा लागतो. फेडाला कसला?" गेले, पाकीट पुतणीच्या हातात दिलं, जेवले नाहीत, परत आले.

तिसऱ्या दिवशी धाकटे माझ्या दारात. दादूसपेक्षा सहा वर्षांनी लहान, तोंडावळा तोच, फक्त रागीट. हातात तो चेक.

"मॅडम, यानं माजे पैसे परत केले! म्हंजे परत केस घालतोय. वकील बोलतो तडजोड मोडली. बगा तुमी!"

मी चेक बघितला. म्हटलं, "आकडा नीट वाचा. परत केले असते तर तीन लाख असते. हे तीन लाख एक आहेत."

"मंग?"

"आहेर आहे. तुमचा वहीत लिहिला होता. फेडला, वर एक."

त्यांनी चेकवरच्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग खुर्चीत बसले. राग कुठे ठेवावा ते कळत नसल्यासारखं झालं त्यांना. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. दादूसलाही त्याच ग्लासात दिलं होतं, पण ते मी बोलले नाही.

"म्हंजे आता," ते हळूच म्हणाले, "माज्यावर एक रुपया चरला?"

"हो."

"त्याच्या घरान काय कार्य हाय का?"

नातवाचं बारसं होतं, फेब्रुवारीत. धाकट्यांना बोलावणं नव्हतं. गेले. तीन लाख दोन.

तिथून ते सुरू झालं. ते तीन लाख रुपये त्या भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला जात राहिले, दर खेपेला एक रुपयाने जाड होऊन. लग्नं संपली तर कार्यं काढली. धाकट्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते चालायला लागले म्हणून सत्यनारायण: तीन लाख तीन. दादूसनी पाण्याची मोटर बदलली, तिची पूजा: तीन लाख चार. मोटरच्या पूजेला मटण होतं. आहेर घ्यायचा तर जेवायला घालावं लागतं, जेवायला घालायचं तर काय आवडतं ते विचारावं लागतं, आणि विचारायचं तर बोलावं लागतं. मधली शहाबादी फरशी कधी काढली ते मला कळलंच नाही. एक दिवस बघते तर ती धाकट्यांच्या मोरीवर बसवलेली.

आजी, म्हणजे दादूसच्या पत्नी, माझ्याकडे येऊन कुरकुरायच्या. "तीन लाख घरान परलेत, मी सांगते वाशिंग मशीन घ्या, तं बोलतात पैसं आपलं न्हाय." तिकडे धाकट्यांची बायको हेच सांगायची. एकाच पैशाने दोन घरांत मशीन येत नव्हतं. समोरचा मोबाइलवाला मला विचारायचा, "मॅडम, इन दोनों भाई का चक्कर क्या है? हर साल पार्टी?" मी म्हणायचे, इन्कम टॅक्स का मॅटर है. मग तो पुढे विचारायचा नाही.

आणि खरंच होता. दर जुलैत दोघांपैकी एकाच्या, कधी दोघांच्याही रिटर्नमध्ये मी लिहायचे: भावाकडून भेट, करमुक्त, इतके. आता कागद भेटच सांगत होता, माझी काही हरकत नव्हती. दादूस शेजारी बसून स्क्रीनवर बोट ठेवायचे. "लिवला ना भाव?" लिहिला, दादूस. भीती एकच होती, खात्यातून विचारणा येईल की हे दोन भाऊ एकमेकांना तीच रक्कम पुन्हा पुन्हा का देतात. म्हणून मी एक खुलासा टाइप करून ठेवला होता. दीड पानी. त्यात मिठाचं माप, शीग, आहेराची वही सगळं होतं. नवऱ्याला वाचून दाखवला, तर तो म्हणाला, हे पाठवलंस तर ते आधी तुझीच चौकशी लावतील.

पाचवी फेरी मार्चमध्ये धाकट्यांच्या नव्या स्कूटरच्या पूजेला झाली. तीन लाख पाच, दादूसकडून धाकट्यांना. त्यानंतर पावसाळ्यात दादूस आजारी पडले. किडन्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, धाकटे स्कूटरवर मागे बसवून घेऊन जायचे. ओट्यावर बसणं कमी झालं, आणि मिठाची बाटली डॉक्टरांनी काढून घेतली. त्याचं त्यांना सगळ्यात वाईट वाटलं.

त्या वर्षी त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मुलाने मोठा बेत केला होता, केटरर सांगून झाला होता. धाकटे चेकबुक घेऊन तयारच. दादूसनी साफ नाही म्हटलं. पंच्याहत्तरी नको, पूजा नको, माझ्या घरात काहीही कार्य करायचं नाही. मुलगा चिडला, आजी रडल्या. मला वाटलं तब्येतीमुळे असेल. एका दुपारी भाडं द्यायला वर गेले, तेव्हा विचारलं.

"पैसं त्याच्याकडं हायत," दादूस म्हणाले. "राहू दे. कार्य काडला तं तो फेडल. फेडला तं मोकला झाला." थोडा दम खाऊन म्हणाले, "मी गेल्यावं त्याला या दारान येवाला काय तरी पायजे ना, बाय."

मला रडू आलं. मी खिडकीकडे बघितलं. ते म्हणाले, "भारा मोजून ठेव, ओला करू नको."

नोव्हेंबरात गेले. दादूस मला फार आवडायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाडं वाढवलं असतं.

तेराव्याला धाकटे चेक लिहून घेऊन आले होते, तीन लाख सहाचा. पुतण्यापुढे धरला. पुतण्या म्हणाला, "काका, हे दुखवट्याचं घर. वर्षभर आपल्यात कार्य न्हाय. घेऊ कसा?" धाकट्यांनी चेक खिशात ठेवला. काकाने पुतण्याला दिलेली भेटही करमुक्त असते, हे मी सांगणार होते. नाही सांगितलं. कधी गप्प बसावं, एवढं मला कळतं.

तेव्हापासून धाकटे रोज सकाळी आठ वाजता त्या ओट्यावर येऊन बसतात. वहिनीच्या हातचा चहा घेतात, वर्ष कधी संपतंय ते विचारतात आणि दिवस मोजतात. दादूसचा हिशेब चोख होता.

या जुलैत ते रिटर्न भरायला आले. पेन्शन झालं, बँकेचं व्याज झालं. मी सवयीने विचारलं, "कुणाकडून काही भेट?" आणि जीभ चावली.

धाकटे म्हणाले, "दादूसचा लिव."

"काका, स्कूटरचं मागच्या रिटर्नमध्येच लिहिलं. त्यानंतर त्यांनी काही दिलं नाही."

"मना ठाव हाय. शून्य लिव. पन भाव लिव." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "दर साल असतो. या साली न्हाय दिसला तं कसा वाटल?"

मी वर्णनाच्या रकान्यात लिहिलं: भावाकडून भेट. रकमेत शून्य टाकलं. पोर्टलने लाल अक्षरं दाखवली. रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी. परत टाकलं, परत लाल. धाकटे स्क्रीनकडे बघत होते, त्यांच्या भावासारखंच बोट पुढे करून.

मी एक टाकला.

"घेतला?" त्यांनी विचारलं.

"घेतला."

माझ्या हातून गेलेला हा एकच खोटा आकडा. महिन्याभराने खात्याचा मेसेज आला, रिटर्न आहे तसं मान्य. खुलासा मी तयार ठेवला होता. कोणी मागितला नाही.